आजोबा आहेत तोवर

बसवनगुडी, बेंगळुरू
१२ जानेवारी

ती. पवित्राअक्कास,
संग्रामचा सा. न. वि. वि.

फोन आप्पांच्या हातात असतो आणि सगळ्या घराला ऐकू जातो, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नको, सातवीनंतर पेन धरलंय कुणी.

पुरुषोत्तम आजोबा बरे आहेत. मी पण बरा, म्हणजे जेवण भरपूर, शिव्या नाहीत आणि गेटबाहेर पाय नाही. आजोबा मध्येच उठून चालू लागतात म्हणून त्यांची लेक वासंतीताई गेटला कुलूप घालतात, किल्ली कमरेला. ते त्यांच्यासाठी, पण आत मीपण असतोच की.

रविवारी तेवढं ताईंनी आम्हाला गाडीतून पिक्चरला नेलं. परदेशातला. लढाईतून पळालेला एक माणूस थंडीच्या गावात येऊन पडलाय. परवान्याचे कागद येईपर्यंत गाव सोडायचं नाही असा हुकूम. तो रोज स्टॉपवर जातो, बस आली की ड्रायव्हरला हात करतो, बस जाते, हा परत. दर खेपेला सगळं थेटर हसायचं. मला हसू येईना. आजोबांनापण नाही. शेवटी ताई रडल्या आणि गाडीत म्हणाल्या, किती गोड पिक्चर.

अक्का, आप्पांनी ताईंना शब्द दिलाय, आजोबा आहेत तोवर पोरगा त्यांच्या सोबतीला राहील म्हणून. मग मी सुटायची वाट बघणं म्हणजे कशाची वाट बघणं, तूच सांग. म्हाताऱ्याचा मला लळा आहे. आप्पांशी बोल.

धाकट्यावर जीव असू दे.
तुझा संग्राम


खानापूर
२१ जानेवारी

चि. संग्रामास अनेक आशीर्वाद.

पत्र मला अंगणवाडीत कामावर मिळालं. घरात पिक्चरचा भाग तेवढा वाचून दाखवला. आई आधी हसली, मग विचारत बसली की त्याला स्वेटर कुणी दिला का. आप्पा मात्र भडकले. म्हणाले, कुणाच्या पोराला असं अडकवून ठेवायला लाज वाटत नाही का लोकांना. मी लगेच तुझं काढलं, तर म्हणाले ते वेगळं, तो घरच्यासारखा राहतोय, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही. मी भांडले. तेव्हापासून अबोला आहे.

तू आजोबांशीच बोल. शब्द त्यांच्यापायी दिलाय, सोडवतील तर तेच. तुझ्या नेहमीच्या तोऱ्यात नको, पाय चेपताना बोल.

जेवणावर राग काढू नको. माया आहेच.
तुझी अक्का


बसवनगुडी
२ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बोललो. वाटलं दुखावतील. सगळं ऐकून म्हणाले, पोरा, माझंपण तेच आहे. त्यांना स्वतःच्या गावी, खानापूरला यायचंय, लेक म्हणते तिकडं चांगला डॉक्टर नाही. मग म्हणाले, शब्द मी आहे तोवर माझ्याजवळ राहायचा आहे ना, कुठं ते कुणी ठरवलंय. दोघं जाऊ.

हे ऐकून ताई आधी हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, बाबा, स्वल्प, थोडं समजून घ्या. किल्ली कमरेलाच. वाईट असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी आजोबांनी बूट चढवले आणि गेटजवळ खुर्ची टाकून बसले. मलापण घालायला लावले. मी शेजारी पायरीवर. दुपार टळली तरी दोघं तिथंच. मांडीवर कागद घेऊन तुला लिहितोय.

आईला नमस्कार, तुझा लोभ राहू दे.
संग्राम

ता. क. आत्ता ताई आल्या. मला वाटलं, उघडतात. दोघांचा चहा ठेवून आत गेल्या.