ठळक ओळ, बारीक ओळ

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज आले कुटताना खलाखालची ओट्याची फरशी तडकली. बत्ता आल्यासाठी नव्हताच. ज्या हाताने माझ्या बायकोच्या, सरोजिनीच्या गळ्याला हिसका दिला, त्या हाताची बोटे एकेक करून मी त्या खलात ठेवत होतो.

बडा फुहाऱ्याच्या बाजारात ब्लाउजपीस घेऊन ती ई-रिक्षात बसली. मागून मोटारसायकल आली. मागे बसलेल्याने मंगळसूत्र ओढले — ते तुटले नाही, तीच ओढली गेली. डोके दुभाजकावर आपटले. मंगळसूत्र त्यानंतर तुटले. ती गेली, त्याला महिना होत आला. पोलीस म्हणतात, "देख रहे हैं, अंकल जी." काय पाहत आहेत?

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या केतनने कापडाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातून त्याचा फोटो मिळवला. चौकड्यांचा शर्ट, अर्धा चेहरा. "अंकल, पोस्टर बनाइए. पूरे जबलपुर में घुमा देंगे."

दुपारी मोबाईलवरच केले. वर वेलबुट्टीचे वळणदार अक्षर, खाली सावलीचे, त्याखाली तिरपे. दुर्वाला पाठवले, मुलगी बंगळुरूला जाहिरातींचेच काम करते.

"बाबा, ये तो शादी का कार्ड लग रहा है!" ती हसली. तिचे लग्न ठरायच्या आधीच पत्रिकेचे अक्षर सरोजिनीने निवडून ठेवले होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुर्वाची शिकवणी. "बाबा, दोनच फॉन्ट. तीन नको. एक चिल्लाएगा, दुसरा शांत बोलेल. दोघं सारखेच दिसून राहिले तर भांडतात."

दिवसभर जोड्या लावून पाहिल्या. 'बालू' नावाचा फॉन्ट फार गुबगुबीत — चॉकलेटच्या वेष्टनावर शोभेल, खुन्याच्या छातीवर नाही. अखेर 'खंड' सापडला. अरुंद, ताठ, जाड. अक्षरे खांद्याला खांदा लावून उभी, लाठ्या घेतलेल्या माणसांसारखी. त्याच्या जोडीला 'मुक्ता', सर्वांत बारीक वजनाची; वजन म्हणजे अक्षराची जाडी. शिरोरेषा दोन्हींची साधी, सरळ. म्हणून पटते त्यांचे.

सरोजिनी असती तर म्हणाली असती — काहून एवढं कोरून राहिले? चहा थंड झाला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वर: 'यही है!' खाली: 'संदिग्ध। केवल पुलिस को सूचित करें।'

खालची ओळ माझी. केतन म्हणाला, "छोड़िए न अंकल, कौन पढ़ता है!" मी ठाम राहिलो. संशयित तो संशयितच. बँकेत उभी हयात गेली. संदिग्ध शब्दांत एकही कागद माझ्या सहीने बाहेर पडला नाही.

पण दोन्ही ओळी जाड ठेवल्या तर भांडण. एकदा उलट करून पाहिले — खालची ठळक, वरची बारीक. पोस्टर मवाळ दिसले, विनंती-अर्जासारखे. मला विनंती करायची नव्हती. पूर्ववत केले. खालची ओळ राखाडी केली. चष्मा लावून वाचता येते.

जोडी उत्तम जमली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पोस्टर केतनला पाठवले. संध्याकाळी केतन — "अंकल, आग लग गई!" माझ्या दूधवाल्याने ते पोस्टर मलाच पाठवले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सापडला! रांझी भागातल्या टायरच्या दुकानात काम करतो. विक्की नाव.

व्हिडिओ आला आहे. एकाने त्याच्या तोंडाशेजारी मोबाईल धरला आहे, त्यावर माझे पोस्टर, आणि चेहरा जुळवून पाहतो आहे. "यही है, यही है!" मग टायर काढायची पहार. पहिला फटका कानावर. तो पडला, हात वर केले. कुणीतरी तो हात जमिनीवर दाबून टाच फिरवली. बोटे मोडल्याचा आवाज गर्दीतही येतो. मी व्हिडिओ मागे नेऊन तो आवाज पुन्हा ऐकला.

आणि हेही लिहिले पाहिजे: चित्र एवढे हलत असतानाही 'यही है!' स्वच्छ वाचता येत होते, याचा मला अभिमान वाटला. कित्येक दिवसांनी वरण-भात पोटभर जेवलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुर्वाचा फोन. रडत होती. "बाबा, तो 'मैं नहीं था' म्हणून राहिला आहे. ऐकलं नाही काय तुम्ही?"

ऐकले होते. सगळे तसेच म्हणतात!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. कटनीजवळ दोघे पकडले गेले. त्यांच्याकडे मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या मिळाल्या. एकीला सरोजिनीने स्वतः लावलेला लाखेचा ठिपका तसाच आहे. दोघांनी कबूल केले. त्यांत विक्की नाही.

"उस टाइम वो दुकान पर था," इन्स्पेक्टर म्हणाले. "लेकिन अंकल जी, आपने नीचे 'संदिग्ध' लिखा था न? आप सेफ हैं."

सेफ!

कोठडीतल्या दोघांना पाहिले. हात शिवशिवले नाहीत. सगळा मार आधीच खर्च होऊन गेला होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोसंबी घेऊन रुग्णालयात गेलो. विक्कीचा चेहरा सुजून एकसलग झालेला. डोळा कुठे ते नाकातल्या नळीवरून ओळखायचे. दोन्ही हातांना प्लॅस्टर. उशाशी त्याची आई, शकुबाई. मराठीच निघाल्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या.

"तुमी बँकेतले दिसता. वाचून दाखवा बरं," म्हणून त्यांनी मोबाईल पुढे केला. "मोठं तं साऱ्याइनं वाचलं. खाली बारीक काय लिहिलं हाय?"

चष्मा लावला. वाचून दाखवले. केवळ पोलिसांना कळवावे, असा अर्थही सांगितला.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "मंग हे मोठं काहून नाही लिहिलं जी?"

खोटे बोलणे मला जमले नाही. म्हणालो, "ते मीच लिहिले आहे. माझ्या पत्नीला मारणारा हाच, असे मला वाटले होते." नाव सांगितले. काही लागल्यास निरोप धाडावा म्हणून घरचा पत्ताही सांगितला.

त्यांनी शिवी दिली नाही. मोसंबीची पिशवी मात्र उचलून माझ्या हातात परत दिली. पायथ्याशी उभ्या असलेल्या विक्कीच्या धाकट्या भावाने मोबाईल वर धरला. मला वाटले, कुणाला फोन लावतो आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विक्की गेला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

केतनने एक शब्दही न लिहिता पोस्टर पाठवले आहे. फोटो रुग्णालयातला, माझ्या हातात मोसंबीची पिशवी. वर खंड: 'यही है!' खाली मुक्ताच आहे, फक्त तिचे वजन त्यांनी वाढवले आहे. त्या ओळीत माझा पत्ता आहे, घर क्रमांक आणि गल्लीसकट.

चष्म्याशिवाय वाचता येतो.