डाव्या बाजूची जागा

सर, काल मी चामटोलीच्या पोराला लेफ्ट बॅकला खेळवलं. पहिल्या टीममध्ये, सुरुवातीच्या अकरांत. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तिने "बरं केलंत" म्हणून कुकर लावला, आणि मग मला कळेना की आता आणखी कुणाला सांगू. एवढ्याशा वाक्याच्या मागे काय काय आहे ते तुम्हाला लगेच कळलं असतं. तुम्हाला जाऊन इतका काळ झाला की आपल्या कारखान्याच्या जागी आता उंच बिल्डिंगा आहेत, आणि चिमणी कुठे होती ते मलाच नीट दाखवता येत नाही. माझी शाळा आठवीत सुटली ते तुम्हाला माहीत आहे. लिहायचा सराव नाही. चुकलं तर समजून घ्या.

आधी इथलं सांगतो. अंबरनाथच्या क्लबमध्ये आता मी कोच आहे. शिकलेला कोच नव्हे, जुना माणूस म्हणून ठेवलेला. क्लबची अकादमी बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या बाजूला भाड्याच्या टर्फवर चालते. खाली हिरवं प्लास्टिक, वर दिवे, पोरांच्या पायात रंगीत बूट. आईबाप फी भरतात, बाहेर स्कूटरवर बसून वाट बघतात. पोरं चांगली तयार होतात, सर, खोटं नाही बोलणार. पण सतरा-अठराची झाली की जातात. कुणी पार्सल पोचवायला लागतो, कुणी कॉम्प्युटरच्या क्लासला. कारण पहिल्या टीममध्ये त्यांना जागाच मिळत नाही. मॅच जवळ आली की आमचा सेक्रेटरी मुंबईहून पाहुणे खेळाडू आणतो. ते थेट ग्राउंडवर येतात, खेळतात, पाकीट घेऊन जातात. अकादमीची पोरं बॅनरवरच्या फोटोपुरती. फार तर तीन गोलांनी पुढे असलो की शेवटी एखाद्याला पाच मिनिटं सोडतात आणि मोबाईलवर टाकतात, 'युवा खेळाडूला संधी'. ते वाचलं की मला तुमचा आवाज ऐकू येतो. एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी तुम्हाला म्हणालं होतं, जिंकलेल्या मॅचमध्ये पोरांना चान्स द्या ना. तुम्ही चहाची बशी खाली ठेवून म्हणालात, "जिंकलेल्या मॅचमध्ये तर मीपण खेळेन. मला घेता का?" सगळं टेबल हसलं. तुम्ही हसला नाहीत.

मी तेव्हा शिकाऊ कामगार होतो. कारखान्याच्या फुटबॉल टीमसाठी कामगारांच्या पोरांना तुम्ही ड्युटीच्या आधी ग्राउंडवर पळवायचात. अकादमी हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. तुम्ही ऑफिसर माणूस, पांढरा शर्ट, पण आमच्याबरोबर ग्राउंडवरचे खडे वेचायला वाकायचात. आणि तुमची ती पद्धत! टीमची नावं बोर्डावर लागायच्या आधी, ज्याची जागा जाणार त्याच्या घरी तुम्ही नव्या पोराला घेऊन जायचात, जेवायला. पहिल्या टीममधली जागा म्हणजे तेव्हा नुसता खेळ नव्हता. हलकं काम, सरावाला सुट्टी, डिपार्टमेंटमध्ये मान, हे सगळं तिच्याबरोबर होतं. तुम्ही म्हणायचात, कुणाची जागा घ्यायची तर त्याच्या घरी जाऊन, त्याला सांगून घ्यायची. बोर्ड वाचून त्याला कळता कामा नये.

मला तुम्ही सायकलच्या दांडीवर बसवून बौद्धवाड्यात नेलंत. आमचा लेफ्ट बॅक तिथे राहायचा, फाउंड्रीतला माणूस, मांड्या दगडी खांबासारख्या. वाटलं, हा आता काय बोलेल, मारेल की काय. त्याने दारातच माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हा? याच्या पायात तर पोटऱ्याच नाहीत, साहेब." मग मला म्हणाला, "ये बाबा. माझी जागा घ्यायला आलास ना? आधी बोंबील घे." त्याच्या बायकोने भाकऱ्या वाढल्या. तुम्ही मांडी घालून बसलात आणि सगळ्यांच्या आधी तुम्हीच भाकरी मोडलीत. त्या काळात तुमच्या आळीतल्या माणसाने तिथे असं बसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. माझ्या घरीही, कुठे जेवलास, म्हणून विचारणं झालं होतंच. जेवता जेवता तो लेफ्ट बॅक मला रविवारच्या मॅचचं सांगत होता. कल्याणच्या टीमचा विंगर कसा येतो, कुठे दाबतो. "त्याचा डावा पाय फक्त बसमध्ये चढायला आहे. उजवा तेवढा सांभाळ, मग तो तुझाच." निघताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात इतका जड होता की मी अजून त्याच्याखाली चालतो असं वाटतं.

आणि रविवारी मी काय केलं? गोली पुढे आलाय हे न बघता त्याच्याकडे चेंडू मागे दिला. चेंडू आपला सावकाश गोलमध्ये गेला, कुणालाच घाई नव्हती. एक-शून्यने हरलो. दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये सगळे मला चेंडूसारखं एकमेकांकडे पास करत होते. मी ठरवलं होतं, बूट परत करायचे. दुपारी तुम्ही माझ्या मशीनपाशी आलात. मला वाटलं, आता आलं. तुम्ही मशीन बघितलं, मला बघितलं आणि म्हणालात, "रविवारी मोजे धुऊन आण. मागच्या वेळी वास येत होता." बस, एवढंच. आणि आठवड्याच्या शेवटी कॅन्टीनमध्ये टीम वाचताना पहिलं नाव माझं. मॅनेजरसाहेब म्हणाले, अहो, याने तर हरवलं आपल्याला. तुम्ही म्हणालात, "आज बसवला तर याला जन्मभर तेवढंच आठवेल. खेळू द्या, दुसरं काहीतरी आठवू द्या." पुढे मी त्या जागेवर केस पांढरे होईपर्यंत खेळलो. तरी आयुष्यात मला धीर दिलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं, तर मला ते मोज्यांचंच आठवतं.

तर या रविवारची मॅच. हरलो असतो तर वरच्या गटातून खाली गेलो असतो. आमचा लेफ्ट बॅक म्हणजेच कॅप्टन, उल्हासनगरचा सिंधी, कॅम्प तीनला जीन्स कापायचं छोटं वर्कशॉप आहे त्याचं. सोन्यासारखा माणूस, पण गुडघा गेलाय. सेक्रेटरी म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. नवी मुंबईचा एक प्लेअर बोलून ठेवलाय." मी म्हणालो, अकादमीतलं चामटोलीचं पोरगं खेळेल. कसं म्हणालो कुणास ठाऊक. म्हणून झाल्यावर मी तिथेच बाकावर बसलो. तेव्हापासून एकच घोर. पोराला ताप आला तर? ओळखपत्र विसरला तर? चुकला तर तो पुन्हा चेंडूला पाय लावील का? त्याचा बाप भाताच्या गिरणीत कामाला आहे, मला भेटला तेव्हा म्हणाला होता, "मास्तर, यंदा काय झालं तं झालं, नाय तं त्याला कामाला लावतू." म्हणजे ही एकच मॅच होती त्याच्याकडे.

मॅच चारला होती. सकाळी मी पोराला घेऊन कॅम्प तीनला गेलो. शेअर रिक्षात त्याने मला विचारलं, "काका, आपण कुठे चाललोय?" मी म्हणालो, जेवायला. रविवार असूनही गल्लीत जीन्सचे गठ्ठे चढत-उतरत होते, रिक्षा पुढे जाईना, आम्ही उतरून चालत गेलो. कॅप्टन वर्कशॉपच्या वरच राहतो. दार उघडलं, आधी मला बघितलं, मग पोराला, आणि त्याला कळलं. तुमची पद्धत मी टीमला इतक्या वेळा सांगितलीय की कळणारच. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, सर. मला वाटलं, परत फिरावं.

"काका, आप भी ना," तो म्हणाला. "फोन करायचा."

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?"

"नहीं," तो म्हणाला, आणि बाजूला झाला. "आओ. आई दाल-पकवानच बनवतेय."

त्याच्या आईने पोरापुढे ताट ठेवलं. पोरगं ते कडक पुरीसारखं पकवान तोडायला घाबरत होतं, आवाज होतो म्हणून. ती सिंधीत म्हणाली, "खाउ, पुट, खाउ," खा बाळा. आणि स्वतःच्या हाताने तोडून दिलं. मग कॅप्टनने ताटातले कांद्याचे तुकडे उचलले आणि टेबलावर मांडले. "हा तू. हा त्यांचा सात नंबर. तो बहुत बोलेगा. तुझ्या आईवरून बोलेल, गावावरून बोलेल. ऐकायचं नाही. फक्त त्याच्या कमरेकडे बघ, पायाकडे नको. पाय झूठ बोलतात." पोरगं मान हलवत होतं. कॅप्टन म्हणाला, "और एक बात. मेरी जगह ले रहा है ना, मेरा स्पीड मत लेना." पोरगं हसलं, कॅप्टनची आई हसली, मग तोही हसला. मी भिंतीकडे बघत होतो. जिन्यावरून उतरताना कॅप्टन माझ्या कानात म्हणाला, "साईं, दोन वर्षं मीच म्हणतोय स्वतःला, आता बस. कुणी तरी येऊन सांगायला पाहिजे होतं."

पोरगं चांगलं खेळलं. सात नंबर बोलत होता, याचं लक्ष त्याच्या कमरेकडे. दुसऱ्या हाफमध्ये एक-एक असताना पोराला चेव चढला. चेंडू घेऊन सुटला तो पार त्यांच्या कॉर्नरपर्यंत, घरामागच्या माळावर पळावं तसा. तिथे चेंडू गेला आणि मागे डावी बाजू सगळी उघडी. सात नंबर त्या मोकळ्या जागेतून गेला आणि गोल. आमचे लोक ओरडायला लागले, काढा त्याला, काढा! पोरगं अर्ध्या ग्राउंडवर कमरेवर हात ठेवून उभं होतं आणि बेंचकडे बघत होतं. माझ्याकडे. सेक्रेटरी बदलीची चिठ्ठी भरायला लागला. तिच्यावर कोचची सही लागते. नवी मुंबईवाला पाहुणा जर्सी घालून तयारच होता.

सही झाली नाही. पोरगं शेवटपर्यंत खेळलं. नंतर एकदा सात नंबरला त्याने असा अडवला की कॅप्टन बेंचवरून उठून नाचला. शेवटी कॉर्नरवर आमच्या सेंटर हाफने डोकं लावलं, दोन-दोन झाले, आणि आम्ही वाचलो. पोराने गोल केला नाही, काही मोठं केलं नाही. पण मैदानातून बाहेर येताना ते चालत आलं, सर. मान वर करून.

सेक्रेटरी माझ्यावर भडकला होता. "काका, मी चिठ्ठी घेऊन सगळीकडे फिरलो! कुठे होतात?" मी काही बोलायच्या आधी कॅप्टन मध्ये आला. "अरे, समझा कर. काका मुद्दाम गायब झाले. सही करायला सापडायलाच नको. क्या दिमाग है!" सगळे हसले, एकाने माझी पाठ थोपटली. जुना माणूस, जुना डाव, असं काहीतरी म्हणाले. मी पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागलो.

खरं तुम्हाला सांगतो. डाव काही नव्हता. सात नंबर त्या मोकळ्या जागेत शिरला तेव्हाच माझे पाय पाण्याच्या टाकीमागे गेले होते. गोल मी बघितला नाही, आवाजावरून कळला. पोरगं बेंचकडे बघत उभं होतं हे, आणि पुढचंही सगळं, मला नंतर कॅप्टनने सांगितलं; मी शेवटच्या शिट्टीलाच बाहेर आलो. म्हणजे ते बघत होतं तेव्हा तिथे मी नव्हतोच. टाकीला पाठ लावून, डोळे मिटून, मी तुम्हाला आठवत होतो. तुम्ही कसे लाइनपाशी उभे राहायचात, ताठ, हात पाठीमागे. सगळं ग्राउंड म्हणायचं, या माणसाला काळजीच नाही. एकदा मी राखीव म्हणून तुमच्या मागे बसलो होतो, दुसरं एक पोरगं पहिल्यांदा खेळत होतं. तेव्हा तुमचे हात मला दिसले. शिट्टीची दोरी तुम्ही बोटांना इतकी गुंडाळली होती की बोटांची टोकं पांढरी पडली होती. पण पोराला समोरून फक्त तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही जागा सोडली नव्हती.

आज सकाळी पुढच्या रविवारची टीम ग्रुपवर पाठवली. मला टाइप करता येत नाही, म्हणून बोलून पाठवली. पहिलं नाव चामटोलीच्या पोराचं. सेक्रेटरीने अजून उत्तर दिलेलं नाही, त्याचीही काळजी लागून राहिलीय. मग पोराला फोन केला. एवढं सगळं मनात होतं, पण तोंडातून निघालं ते, "मोजे धुऊन आण." ते म्हणालं, "हो काका," आणि फोन ठेवला. त्याला काय कळलं असेल कोण जाणे.

हा कागद बुटांच्या पिशवीत खाली घालून ठेवतो, कुणी वाचणार नाही. कॅप्टनला टाकीचं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही बहुतेक. मात्र दुपारी बाजारातून शिट्टीला नवी दोरी आणलीय, चांगली लांब बघून.