सोबतीचा रकाना

ता. ९ मार्च
चि. पंडितास, अनेक आशीर्वाद.
काल तुझ्या हॉस्पिटलातून व्यायामाच्या बाईंचा फोन आला. रोज वीस मिनिटे चालताना तुला धाप लागते का, असे विचारत होत्या. सोबत मीच असते म्हणे. मी इथे दिवसभराच्या प्रवासावर! गडबडून सांगितले, छान चालतो. मग त्यांनी केमोच्या तिसऱ्या फेरीचे काढले, तेव्हा कुठे तुझ्या कर्करोगाचे मला कळले. सख्ख्या बहिणीला हे परक्या बाईकडून कळावे? आधी रागावू की रडू, तूच कळव.
तुझी ताई

ता. १३ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.
आधी रागाव, रडण्याची मला मुळीच घाई नाही. भावोजी अंथरुणाला खिळलेले, त्यात माझी भर कशाला, म्हणून गप्प राहिलो.
इथे हल्ली गोळ्यांबरोबर चालणेही लिहून देतात. त्याच्या तक्त्यात ‘सोबत कोण’ असा रकाना असतो. ज्याला सोबत नाही त्याला हॉस्पिटलच्या दालनात बोलावून सगळ्यांबरोबर हात वर-खाली करायला लावतात. तीस वर्षे संस्कृत शिकवून हे ध्यान व्हायचे? मी ‘ताई’ लिहिले, पुढे तुझा नंबर. खरे म्हणजे चाललोच नाही. खिडकीत बसून तक्ता भरला. अक्षर मात्र सुरेख. तुझ्या साक्षीवर बाईंनी विसाची तीस मिनिटे केली.
तुझा पंडित

ता. १७ मार्च
चि. पंडितास, अ. आ.
फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्रच. तो तक्ता पाहून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतात, असे बाई म्हणाल्या होत्या. अंगात त्राण नसताना पूर्ण मात्रा घेणार आहेस? यांची कूस बदलायलाही मी लागते, मला येता येत नाही. मंगळवारच्या फेरीआधी बाईंना खरे सांग, नाहीतर मी सांगते.
ताई

ता. २२ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.
सांगितले. बाई ओरडल्या नाहीत, तेच लागले. महिनाभराच्या तक्त्यावर तिरकी रेघ मारून म्हणाल्या, आजपासून सहा मिनिटे. फेरी आठवडाभर पुढे गेली.
आज निघालो. तीन मिनिटे जाणे, तीन येणे. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या दुकानापाशी पाय संपले. पायरीवर बसलो. पुष्कळ माणसे गेली. चावीवाल्याने एकदा मान वर केली. मी गिऱ्हाईक नाही हे ओळखून पुन्हा खाली घातली. कोणी हात देईल म्हणून बसून राहिलो होतो, हे मलाही उशिराच कळले. मग कठडा धरून उठलो. परतायला अकरा मिनिटे लागली. तक्त्यात लिहिली तीही अकराच.
उद्या पुन्हा जाईन. माया आहे तशी राहू दे, एवढेच मागणे.
तुझा पंडित