गोदाला ब्रंचला नेण्याबाबत

रविवार, १ फेब्रुवारी
सकाळी साबुदाण्याची खिचडी. दर रविवारी गोदा माझ्यासाठी खास करते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याची आवड लक्षात ठेवते, आजकाल असं कुठं बघायला मिळतं? दाण्याचं कूट सढळ. दोनदा घेतली.

दुसऱ्यांदा वाढताना ती म्हणाली, पुढच्या सोमवारी ऋतुजाकडं पुण्याला चाललेय. लेकीकडं जायचं म्हणजे मी कशाला अडवू? परत कधी, एवढंच विचारलं. बघू, म्हणाली. नंतर पाहिलं तर कपाटातून सगळ्या साड्या बाहेर काढलेल्या. स्वेटरसुद्धा.

मी कॉलेजात हेडक्लार्क. एखाद्या अर्जावर मी ‘बघू’ म्हटलं की तो अर्ज संपला, एवढं मला कळतं. तिला थांबवायला हवं. वाद घालून नव्हे. प्लॅनिंग करून.

सोमवार, २ फेब्रुवारी
ऑफिसातल्या धनाजीनं बायकोला होटगी रोडच्या हॉटेलात ‘संडे ब्रंच’ला नेलं होतं. तेव्हापासून ती खूश आहे म्हणे. नाश्ता आणि जेवण एकाच बैठकीत, म्हणजे ब्रंच. पसंत पडलं. गोदा जायच्या आदला दिवस, रविवार, आठ तारीख नक्की.

कॅलेंडर तपासलं. चतुर्थी गुरुवारीच उरकते, एकादशी पुढं आहे. आठला काही नाही. बायकोचे उपास बघून बेत आखणारे नवरे सोलापुरात किती असतील? मला तरी दुसरा माहीत नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
गोदाला ब्रंच समजावून सांगितला. सकाळी नाश्ता नाही, दुपारी जेवण नाही, अकराच्या सुमाराला एकदाच भरपूर. ती म्हणाली, मी रोजच तसं खाते की. तुमचा डबा, भांडी, धुणं समदं उरकल्यावर.

म्हणजे तिला कल्पना आवडली.

बुधवार, ४ फेब्रुवारी
संकल्प : ब्रंचला फोन खिशातच. तिच्याशी बोलायचं. सराव म्हणून आज जेवताना विचारलं, तुझा दिवस कसा गेला? तिनं हात पुढं करून माझं कपाळ बघितलं. कणकण हाय का, म्हणाली.

उद्यापासून सराव बंद. आयत्या वेळी सुचेलच.

शनिवार, ७ फेब्रुवारी
दर शनिवारसारखा किराणा आणला, साबुदाण्यासकट. पण सांगून ठेवलं, उद्या खिचडी करायची नाही, पोट रिकामं ठेवायचं. तिचा हात थांबला. मग मी काय खाऊ, म्हणाली. म्हटलं, तेच तर, तिथं खायचं. तिनं विचारलं, तितं माझ्याजोगं मिळंल का? म्हटलं, तिथं सगळं मिळतं.

बराच वेळ माझ्याकडं बघत होती. बरं, म्हणाली. पुण्याचं रद्द करणार असं वाटतंय.

रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
इस्त्रीचा शर्ट. तिनं मोरपंखी साडी नेसली आहे. छान दिसते. रिक्षा आली, परत आल्यावर तिला सांगेन.

दुपारी चार
इडली, छोले, पुरी, पास्ता, गुलाबजाम, मोजदाद नाही. गोदा रिकामी प्लेट घेऊन सगळ्या टेबलांभोवती फिरली आणि रिकामीच घेऊन आली. लाजली असेल म्हणून मीच तिची प्लेट भरून आणली.

ती म्हणाली, आज आयतवार हाय न्हवं. म्हटलं, म्हणूनच तर आणलं. म्हणाली, आयतवार धरते की मी. खंडोबाचा. ऋतुजा पोटात होती तवापासनं. मला वाटलं तुमी फराळाचं बघून ठेवलं असंल.

मी म्हणालो, असं होय. मग खिचडी? ती म्हणाली, ती माझ्या उपासाची. तुमाला आवडती म्हणून तुमालाबी वाढते.

खिचडी माझ्यासाठी नव्हती, हे जरा लागलं.

तिनं पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला. समोरच बोर्ड होता, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. मी बोटानं दाखवला. नियम म्हणजे नियम, ऑफिसात आयुष्य गेलं माझं. तिनं लाडू परत ठेवला आणि पाणी प्यायली. अन्न वाया जाऊ नये म्हणून तिची प्लेटही मीच संपवली. वेटर विचारत होता, मॅडमना बरं नाही का?

घरी आल्यावर तिनं लाडू ओट्याशी उभ्यानंच खाल्ला. म्हटलं, पुण्याचं मग काय? म्हणाली, तिकीट काढलंय की. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. एकंदरीत कार्यक्रम व्यवस्थित पार पडला.

साडीचं सांगायचं राहिलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी
तिला स्टेशनवर सोडलं. बॅग जड होती. गाडी हलल्यावर हात केला, तिनंही केला. तसं काही वाटलं नाही. ऑफिसला वेळेत पोचलो.

शनिवार, १४ फेब्रुवारी
ऋतुजाचा फोटो आला. पुण्यातलं कुठलंसं हॉटेल, गोदापुढं भला मोठा डोसा, खाली लिहिलंय, आईबरोबर ब्रंच. शनिवारी नेलं. असंही करता येतं. गोदा तोंडावर हात न घेता हसतेय. मी फोटो मोठा करून बघितला. धनाजीला पाठवला, लिहिलं, मूळ कल्पना माझीच.

संध्याकाळी फोन केला. जेवलात का, म्हणाली. व्हय म्हटलं. कधी येतेस? म्हणाली, मी आता हितंच ऱ्हाणार हाय. तुमाला सांगायचं लई दिवस मनात होतं.

बरं, म्हणालो. दुसरं काय म्हणणार? खुर्चीत बसून राहिलो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बातम्या बघितल्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी
दूध नासतंय. दूधवाल्याला म्हटलं, उद्यापासून अर्धाच लिटर. त्यानं विचारलं, वहिनी गावाला गेल्या का? व्हय म्हटलं. कधी येणार? येईल की चार दिवसांत, म्हणालो.

दार लावलं आणि तिथंच उभा राहिलो. फार वाईट वाटलं.