बाबांची गाडी ओसाकाहून आली

प्रिय बाबा,

तुमची मोटारसायकल काल आली, म्हणून लिहितोय. ओसाकाला तुम्ही ती लाकडी खोक्यात बंद करून जहाजावर चढवलीत, विमानाने सिंगापूरला घरी आलात आणि आठवड्याभरात छातीत कळ येऊन गेलात. गाडी तेव्हा समुद्रातच होती.

गोदामाच्या खिडकीतले चिनी अंकल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "ओनर मस्ट साइन, लाह." मी भडकलो. "ओनर इज डेड!" म्हणून ओरडलो. आईने मनगट धरलं. "आवाज खाली. त्यांना कसं कळणार?" मग पर्समधून तुमचा मृत्यूचा दाखला काढून पुढे ठेवला. अंकल उठून उभे राहिले.

खोकं उघडलं. टायरच्या खाचांतला चिखलसुद्धा धुतला होतात! मी बसून स्टार्टर दाबत राहिलो. गाडी ढिम्म. शिव्या घातल्या. अंकल शांतपणे म्हणाले, "बॅटरी वायर नॉट कनेक्टेड, बॉय. टँक ऑल्सो एम्प्टी." जहाजावर चढवायची तर तसंच करतात म्हणे. मला कुठून माहीत असणार? आपल्या जपानच्या सफरीतून मी सापोरोहूनच पळालो होतो.

हेल्मेटमधल्या माइकवर तुम्ही एवढंच विचारलं होतंत, "कॉलेजला परत कधी जातोयस?" तुम्ही पुढे, मी मागे. चालत्या गाडीवरून उतरणार कुठे? हॉटेलात पोचल्यावर हेल्मेट भिंतीवर आपटलं. म्हटलं, सानिका सिंगापूरला येतेय, मी चाललो. "जा. पण जेवून जा," म्हणालात. नाही जेवलो.

सानिका आली. लिटिल इंडियात भेटली, होणाऱ्या नवऱ्याबरोबर. जिच्यापायी कॉलेज सोडलं, तिने "हा आमच्या वर्गात होता" अशी ओळख करून दिली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही परत आलात तरी तो आठवडाभर मी बोललो नाही. एका घरात राहून!

खोक्याच्या कोपऱ्यात माझं हेल्मेट निघालं, तुमच्या टॉवेलात गुंडाळलेलं. फुटलेली काच बदलून नवी बसवलेली. कधी केलंत हे? रिकाम्या सीटवर बांधून अर्धा जपान फिरवलंत ते? मग घरी आल्यावर एक शब्द तरी बोलायचा! की खोकं येईपर्यंत थांबणार होतात?

आईला गाडी विकायची आहे. "चालवणार कोण?" विचारते. बरोबरच आहे. इथे एवढ्या मोठ्या गाडीचं लायसन्स एकदम मिळत नाही. आधी वर्षभर छोटी, मग वर्षभर मधली, त्यानंतर ही. मी म्हटलं, मी चालवीन. ती म्हणाली, "दोन वर्षं तू कशात टिकलायस रे?" शेवटी म्हणाली, "मध्येच सोडलंस, तर त्याच दिवशी विकेन."

कॉलेजचं वचन देत नाही, बाबा. आज दिलं तर ते खोटं असेल. पण सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालतोय. तिन्ही परीक्षा देईन, नापास झालो तर पुन्हा देईन. सगळं पार पडेपर्यंत किल्ली आईकडे राहील. मी मागणार नाही.

तुमचा,
निनाद