बुटांवरची माती

बाबा, तुम्ही सरकारी नोकरीत सिंचन अधिकाऱ्यांना शिकवायचात, आणि दौऱ्यावरून आलेल्याचा अहवाल हातात घेण्याआधी त्याच्या बुटांकडे बघायचात. "कालव्याच्या तोंडाशी सगळ्यांनाच पाणी मिळतं. शेवटच्या शेतापर्यंत गेलात का, ते सांगा!" त्या चिखलाच्या बुटांनी आपल्या क्वार्टरची बैठक भरायची, आई वैतागायची. मला मात्र तुमचा कोण अभिमान! दिल्लीत, पहाडगंजच्या शाळेत ऐटीत सांगायचे मी.

मग खाजगी कंपन्यांचे दिवस आले. नोएडातलं चकाचक ऑफिस, आणि माझं पहिलंच काम माळव्यातल्या एका कालव्यावर. शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था खरंच चालते का, ते पाहायचं. चालते म्हटलं की पाणीवाटप सरकार तिच्यावर सोपवणार. मी कालव्याच्या तोंडाशी गेस्ट हाऊसमध्ये दोन दिवस बसले, अध्यक्षांनी आणलेल्या रजिस्टरमधल्या सह्या पाहिल्या आणि 'संस्था सक्षम' लिहून मोकळी झाले. ऊन फार होतं, दुसरं काय! परतल्यावर तुम्ही आठवलात. ऑफिससमोरच्या प्लॉटवर पाया खणत होते. तिथल्या चिखलात मी बूट बुडवले आणि घरी आले. निर्लज्जपणा नुसता.

स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही खाली बघता. "गेलीस शेवटपर्यंत?" "बिल्कुल," मी म्हणते. तुम्ही बूट उचलून मोरीत नेता, धुता धुता चिमूटभर माती बोटांत चोळता. माळव्याची माती काळी, चिकट; ही यमुनेकाठची, भुरी, रेताड. "अच्छा," एवढंच म्हणालात. पुढे माझ्या एकाही दौऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही गेल्यावर खूप वर्षांनी, गेल्या आठवड्यात, मी एकटीच त्या कालव्यावर जाऊन आले. शेवटच्या शेतात एक म्हातारी बाई काटक्या गोळा करत होती. "पानी? पहले सरकारी आदमी आता था तो थोड़ा मिल जाता था. फिर बोले, अब समिति देखेगी." समिती म्हणजे तीच पाणीवापर संस्था; ती तिनं कधी पाहिलीच नव्हती. माझ्याच कागदानं तिचं पाणी तोडलं, बाबा. तिला सांगायचं धैर्यही मला झालं नाही.

आता दाराशी बूट आहेत, काळ्या मातीचे. धुतले नाहीत. कोण बघणार आहे म्हणा. पण त्या दिवशी तुम्ही मोरीपाशी नळ बंद करून पाठमोरे थांबला होतात, मी काही बोलेन म्हणून. ते मला कळलं होतं. आणि मी विचारलं, "जेवायला काय आहे?"