बाळंतिणीची खोली

१७ नोव्हेंबर १९६९

नाही म्हणून सांगितलं! साफ नाही!

पटेलाच्या खळ्यावरून गडी आलता — "बाई, दाईचा वाटा काढून ठेवला, सूप घेऊन या." दाईचा वाटा! मी म्हटलं, घनश्याम पटेलांना सांग, मी दाई नाही, सरकारी नर्स आहे. त्यांच्या पुतणीचं बाळंतपण केलं ते ड्यूटी म्हणून केलं, पगार सरकार देते. गडी म्हणे, "रीत आहे ना जी."

रीत! माझ्या आईनं, तुळसाबाईनं, वीस वर्षं ह्या गावच्या नाळा कापल्या आणि दर हंगामाले सूप घेऊन खळ्याच्या कडेले उभी राह्यली. धान वरून टाकत. सुपाले हात लागू नये म्हणून वरून. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी सूप चुलीत घातलं. धान बी बंद, नाळा बी बंद. आता तिची पोरगी उकळलेल्या कात्रीनं नाळ कापते आणि पहिल्या तारखेले सही करून पगार घेते.

आईले सांगितलं. तिनं भातावर झिंग्याची चटणी दोनदा वाढली.

२१ नोव्हेंबर

बालाघाटचे मोठे डॉक्टर येऊन गेले. मी हिंदीत चुरुचुरु उत्तरं दिली. म्हणाले, घरोघरी जमिनीवर बसून किती दिवस करणार? सरकार लोखंडी खाट देईल, औजारं देईल, औषधं देईल. गावानं फक्त एक खोली बांधून द्यायची. मुदत संक्रांतीपर्यंत. नाही तर सगळं नदीपलीकडच्या गावाले जाईन, आणि मी बी तिकडंच.

खोली पाह्यजे. पाह्यजेच! सरिता वहिनीचं पहिलं पोरगं आठव्या दिवशी गेलं. आई धानाच्या रोवणीले गेलती, अडवायले घरी कोणी नव्हतं, शेजारणीनं विळ्यानं नाळ कापली. धनुर्वात. मी तेव्हा नागपूरले ट्रेनिंगमध्ये होते, वहीत धनुर्वाताचाच धडा उतरवून घेत होते! वहिनीले आता पुन्हा सातवा लागला आहे. ह्या खेपेले तिचं बाळंतपण खोलीत, खाटेवर, माझ्या हातानं. खेमराजदादाले शब्द देऊन टाकला.

(ट्रेनिंगमध्ये "मले" म्हटलं की पुण्याकडच्या पोरी हसत. वहीत कोण हसते! इथं मी माझ्यासारखीच लिहीन.)

२८ नोव्हेंबर

सभा झाली. काय सभा, बाजार नुसता!

सरपंच तेजरामजी म्हणाले, दर खळ्यामागं दोन पायल्या धान. सगळ्यांनी द्यायचं. ते विकून छपराले कवेलू, लाकूड आणि चुना आणायचा.

"सगळ्यांनी म्हणजे? जबरदस्ती?"

"हौ. जबरदस्तीच समजा."

मग काय विचारता! एक म्हणे, शेतसारा कशाले भरतो? सरकारचा दवाखाना सरकारनं बांधावा, आज खोली मागते, उद्या बाईचा पगार बी आमच्याचकडून मागन. दुसरा म्हणे, ज्याच्या घरी पोटुशी आहे त्यानं द्यावं, खुशीची गोष्ट आहे. मग दुलीचंद उठला. पन्नाशीचा गडी, लगन नाही, एकटा जीव. "माझ्या घरी बाईच नाही जी. मी कोणाच्या बाळंतपणासाठी धान देऊ?" अख्खी सभा हसली.

माझ्यानं राहवलं नाही. उठले. "दुलीचंदभाऊ, तुम्ही काय आभाळातून टपकले? तुम्हाले बी कोण्या बाईनंच जन्म दिला ना? तिच्या बाळंतपणाचं धान राह्यलं होतं समजा, आता द्या!" बायका तोंडाले पदर लावून हसल्या. दुलीचंद बी हसला, माणूस वाईट नाही.

मग मी नीट बोलले. कोणाच्या घरी कधी अडन हे आधी कोणाले समजते काय? अडल्यावर धान गोळा करत फिराल? सगळ्यांनी थोडं थोडं दिलं तं एकावर पडत नाही. आणि ज्याले वाटते मले लागणार नाही, त्याचंच आधी पाह्यजे, नाही तर उरतात फक्त अडलेले!

शेवटी पटेल. शांतपणे म्हणाले, "आमच्या घरच्या बाया नागपूरच्या दवाखान्यात जातील. खोली ज्याले लागते त्यानं बांधावी." आणि काठी घेऊन उठून गेले. मागच्या महिन्यात पुतणी काहून नाही गेली नागपूरले? अगदी जिभेवर आलतं. गिळलं.

२९ नोव्हेंबर

सभेत बोलायचं राह्यलं ते सगळं आज भांडे घासता घासता बोलून टाकलं. आई म्हणे, "भांड्यानं काय बिघडवलं व तुझं?"

६ डिसेंबर

धान फक्त अकरा खळ्यांवरून आलं. बाकीचे म्हणतात, पटेलांचं येऊ द्या, मग आमचं. सगळ्यांचं तोंड पटेलाकडं!

भिंती मात्र चढून राह्यल्या. आमच्या मोहल्ल्याची माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या खळ्यावर मळणी करतात, आणि उजाडल्याबरोबर इथं माती तुडवायले हजर. कोणी बोलावलं नाही, कोणी मजुरी मागितली नाही. दाराची चौकट खेमराजदादानं बसवली. ओळंबा तीनदा लावून पाह्यला. "माझ्या लेकराची खोली आहे," म्हणते. मी पाहतच राह्यली त्याच्याकडं. माझा भाऊ!

१० डिसेंबर

आज मी एक काम केलं. गावात आजवर कोण्या बाईनं केलं नसन.

पंचायतीत जाऊन सांगितलं, नियम करा. ज्या खळ्याचं धान नाही, त्या घरच्या बाईसाठी खोलीचं दार बंद. तेजरामजी कानाची पाळी ओढत बसले. "बाई, दवाखान्याचं दार असं बंद करता येते काय?" मी म्हटलं, नाही केलं तं उघडायले दारच राहणार नाही, संक्रांत आली. फुकट मिळते म्हणून सगळे बसून राह्यले आहेत. मऊ बोलून पाह्यलं ना? आता हे. तेजरामजी म्हणाले, "तुमचा दवाखाना, तुमची अक्कल." नियम झाला!

पटवाऱ्याच्या कागदावरून खळ्यांची यादी उतरवून घेतली. धान आलं की नावापुढं खूण. किल्ली डोमाजीकडं. तो पंचायतीचा चपराशी, चौथी पास, सांगितलेली गोष्ट जीव गेला तरी मोडणार नाही असा माणूस. त्याले बजावलं, "मी असो की नसो, यादीत नाव पाह्यल्याशिवाय कुलूप काढाचं नाही. खुद्द पटेल आले तरी नाही."

"हौ बाई. कोणी बी येवो."

१४ डिसेंबर

आलं! पटेलाचं धान आलं! दोन पायल्या नाही, गाडीभर!

त्यांची सून पाचव्या महिन्यात आहे, आणि पटेलीणबाईनं म्हणे घरात जेवणच सोडलं. "नागपूरच्या वाटेतच बाळंत झाली तं काय कराल? दार बंद करून घेतलं ना तुम्ही!" गड्यानंच सांगितलं. मागोमाग दुपारपर्यंत एकोणीस खळ्यांचं आलं. दुलीचंद दोन पायल्या डोक्यावर घेऊन स्वतः आला. "माझ्या मायचं," म्हणे.

आणि कोणी मले सूप आणायले सांगितलं नाही. गाड्या भरून पंचायतीत आणून टाकलं सगळ्यांनी. पटेलाचं धान आमच्या नियमानं चालत आलं! मी तिथंच उभी, हात मागं बांधून. आईनं हे पाहावं म्हणून तिले घरून बोलावून आणलं. उगाच लिहीत नाही, छाती भरून आली.

३ जानेवारी १९७०

कवेलू चढले. खाट आली, पांढरी, लोखंडी. आई आत गेली. खाटेवरून हात फिरवला, मग खाटेच्या बाजूले नीट उभी राह्यली, जशी कोणाची नाळ कापाची आहे. म्हणाली, "इथं तं माणसाले उभं राहून काम करता येते व!" वीस वर्षं उकिडवी बसली बिचारी.

मी बाहेर येऊन रडले. आनंदानं.

९ जानेवारी

वहिनीच्या पायावर थोडी सूज. मीठ कमी कराले सांगितलं. अजून तीन आठवडे तं नक्की आहेत.

१२ जानेवारी

उद्या बालाघाटले जाणार, खोली पाहून गेलेल्या साहेबांचा मंजुरीचा कागद आणाले. दादा विचारत होता, "तू नसताना सरितेले काही झालं तं?" मी म्हटलं, दोन-तीन दिवसांत काही होत नाही. आणि आता काय भीती आहे रे, खोली तं आहेच ना!

१४ जानेवारी, बालाघाट

कागद मिळाला! शिक्का, सही, सगळं. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दोन साहेबांना बोलावून मले दाखवलं — ही बघा, हिनं अख्ख्या गावाकडून खोली बांधून घेतली. एक साहेब म्हणे, लोक खुशीनं देत नाहीत, जबरदस्ती सरकारनंच केली पाह्यजे. दुसरा म्हणे, जबरदस्तीनं रोग बरा होत नाही. भांडत बसले दोघं. मी मनात म्हटलं, तुम्ही भांडा, आमचं होऊन गेलं!

नियम कोणी सुचवला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी.

गावाकडं जाणारी लामत्याची गाडी चुकली. ट्रेनिंगची मैत्रीण आनंदी इथंच राहते, तिच्याकडं मुक्काम. तिळाचे लाडू खाल्ले. तिले नियमाची गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ती जांभया देत होती तरी सांगितली.

१५ जानेवारी

झालं तसं लिहिते.

लामत्याले छोट्या गाडीतून उतरून चालत आले. खोलीसमोर गर्दी. मले वाटलं, माझ्यासाठी जमले! कागद उंच धरला. मूर्ख!

ओट्यावर बायका लुगडी धरून उभ्या होत्या, चारी बाजूनं आडोसा करून. आत चटईवर वहिनी. आईचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. दाराले कुलूप.

पहाटेच कळा सुरू झाल्या. दादानं तिले उचलून आणलं. डोमाजीनं यादी काढली. नाव नाही. पुन्हा पाह्यलं. नाही. यादी खळ्यांची! ज्याचं शेत त्याचं खळं, आणि आमच्या मोहल्ल्यात एकाचं बी शेत नाही. भिंती बांधल्या त्यांनी, यादीत मात्र एक बी घर नाही. कागद मीच उतरवला. त्या मोहल्ल्यात राहते, तिथंच जेवते, तिथंच झोपते. माझ्या ध्यानात आलं नाही!

तेजरामजी वारासिवनीले गेलते. डोमाजी रडत होता पण किल्ली दिली नाही. "बाई, मी तीनदा पाह्यलं. एक बी नाव नाही तुमच्याकडचं." त्याले काय बोलू?

दादावर ओरडले — तोडलं काहून नाही कुलूप? चौकट तूच बसवली ना!

दादा म्हणाला, "तूच म्हटलं होतं, नाव नसन तं कोणी बी येवो. मले वाटलं, तुले माहीतच असन आमचं नाव नाही ते."

मले वाटलं, तुले माहीतच असन. हेच कानात घुमून राह्यलं.

आईनं केलं. तेरा वर्षांनी. दुकानातून नवीन पातं आणून, पाणी खळखळा उकळून, मी घरात बडबडते तसंच सगळं. पोरगी झाली. बारीक आहे, पण मोठ्यानं रडते. नाळ मी तपासली, माझ्याहून चांगली बांधली आहे. दोघी बऱ्या आहेत. आई हात धुता धुता म्हणाली, "कोणाच्या घरून धान आलं, कोणाच्या नाही, हे मी मूल अडलेलं असताना कधी विचारलं नाही व. वरून टाकत होते तेव्हा बी नाही." ओरडली असती तं बरं झालं असतं.

१६ जानेवारी

डोमाजीकडून किल्ली घेतली. दाराच्या बाहेर खिळा ठोकून तिथं टांगली. तेजरामजी म्हणाले, "यादी गेली तं पुढच्या वर्षी कोण देईन धान?" मी म्हटलं, मले माहीत नाही. खरंच माहीत नाही.

केंद्राची नोंदवही उघडली. नोंद पहिली. आई — सरिता खेमराज. मुलगी, जिवंत. बाळंतपण करणारी — तुळसाबाई. जन्माची जागा — "केंद्र" लिहिलं, आणि खोडलं. लिहिलं: ओट्यावर, कुलूप लावलेल्या दारासमोर. कुलूप नर्स अंजनानं लावलं होतं.